चित्राखालच्या दोन ओळी

वृत्तपत्र हाती आले की आपली दृष्टी प्रथम कोठे जाते, हे कोणाही वाचकाने स्वतःशीच पडताळून पाहावे. ती मथळ्यावरून फिरते, अग्रलेखाकडे क्वचितच वळते, आणि छायाचित्राकडे हमखास जाते. चित्र पाहून झाले की ती लगेच खाली उतरते आणि बारीक टाइपात छापलेल्या दोन ओळींवर स्थिरावते. शेजारची दोन स्तंभांची बातमी न वाचता पान उलटणारा वाचकसुद्धा त्या दोन ओळी वाचल्यावाचून पुढे जात नाही. असे असूनही वृत्तपत्राच्या कचेरीत ज्या लेखनाच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ आणि सर्वांत कमी मान येतो, ते लेखन म्हणजे या दोन ओळीच होत. अग्रलेखांचे संग्रह निघतात, स्फुटलेखांचे गौरव होतात. चित्राखालची ओळ कोणी लिहिली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज अमेरिकेतील विद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत हौसेने काम करीत आहेत. कोणी वार्ता लिहितात, कोणी गळ्यात कॅमेरा अडकवून खेळाच्या मैदानावर धावतात, कोणी विद्यालयाचे 'इयरबुक' सजवितात. नवख्या विद्यार्थ्याच्या हाती संपादक प्रथम जे काम देतो, ते बहुधा फोटोओळी लिहिण्याचेच असते. तरुण मनाला ते काम क्षुल्लक वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु पत्रकाराच्या अंगी जे जे गुण असावेत, त्यांची कसोटी या दोन ओळींत जितकी लागते तितकी अन्यत्र क्वचितच लागत असेल. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कामाविषयी काही सांगावे असे वाटते. स्मरणिका हीदेखील चित्रांची आणि नावांचीच वही असते. तेव्हा विषय अगदीच अस्थानी ठरू नये.

छायाचित्र वृत्तपत्रात छापले जाऊ लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वी चित्रकाराने छायाचित्रावरून लाकडावर खोदकाम करावे आणि त्या ठशावरून चित्र उमटवावे, अशी पद्धत होती. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या पत्राने स्टीफन हॉर्गन यांच्या प्रयत्नांनी तेथील शँटीटाउन नावाच्या झोपडवस्तीचे छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या, म्हणजे हाफटोन पद्धतीने छापले आणि एका नव्या युगाचा आरंभ झाला. चित्राच्या ठशाला अमेरिकन छापखान्यात 'कट' म्हणत, म्हणून त्याखालच्या ओळीला 'कटलाइन' हे नाव पडले. ठसे केव्हाच गेले. शब्द मात्र अद्याप टिकून आहे. आपल्याकडे त्या ठशाला 'ब्लॉक' म्हणत, आणि ओळीला आपले वार्ताहर साधेपणाने 'फोटोओळ' म्हणतात.

या देशात विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांची परंपराही जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील 'क्रिमझन' हे पत्र १८७३ सालापासून चालत आले आहे. मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ साली पत्रकारितेचे विद्यालय स्थापन केले, तेव्हा १४ सप्टेंबर रोजी वर्ग भरले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालविलेल्या दैनिकाचा पहिला अंकही निघाला. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसा हा व्यवसायही केवळ पुस्तके वाचून येत नाही, ही त्यामागील दृष्टी होती. फोटोओळीची विद्याही तशीच आहे. तिचे नियम तासाभरात सांगून होतात; ते अंगी मुरायला वर्षे लागतात.

तथापि नियमांकडे वळण्यापूर्वी एका सुप्रसिद्ध चित्राची कथा सांगितली पाहिजे. कारण नियम कशासाठी आहेत, हे तिच्यावरून चांगले उमगते.

१९३६ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. अमेरिकेत महामंदीने कहर केला होता. डोरोथिया लँग या छायाचित्रकार सरकारी कामावर कॅलिफोर्नियात हिंडत असता निपोमो या गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत गेल्या. पीक गोठून गेल्याने मजुरांना काम उरले नव्हते. एका फाटक्या तंबूत एक स्त्री मुलांना घेऊन बसली होती. लँग यांनी काही मिनिटांत तिची मोजकी छायाचित्रे घेतली आणि त्या निघाल्या. त्यांतील एक चित्र आज जगभर 'स्थलांतरित माता' या नावाने ओळखले जाते. त्याच्या मूळ नोंदीत ठिकाण आहे, मजुरी आहे, सात मुलांची आई असल्याचा उल्लेख आहे आणि तिचे वय बत्तीस वर्षे असल्याचेही लिहिले आहे. नाही ते एवढेच, की तिचे नाव. ते आपण विचारले नव्हते, असे लँग यांनी स्वतःच पुढे १९६० साली लिहिले.

चित्रे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच सरकारने त्या छावणीसाठी वीस हजार पौंड वजनाचे अन्न धाडले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच ती स्त्री आपली मुले घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. पुढे चाळीसहून अधिक वर्षे तिचा चेहरा पुस्तकांत आणि प्रदर्शनांत झळकत राहिला, आणि ती स्वतः कॅलिफोर्नियातच कष्ट करीत जगत राहिली. १९७८ साली मोडेस्टो येथील वृत्तपत्राच्या द्वारे जगाला कळले की तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तेव्हा आणखीही एक गोष्ट कळली. ज्या स्त्रीला पाहणाऱ्यांनी युरोपीय वंशाच्या उद्ध्वस्त शेतकऱ्यांची प्रतिनिधी मानले होते, ती वस्तुतः या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी, चेरोकी जमातीची होती. कुटुंबाने अन्नासाठी मोटारीची चाके विकली, हा लँग यांनी दिलेला तपशीलही तिच्या मुलांनी नाकारला. १९८३ साली ती आजारी पडली, तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि सुमारे ३५,००० डॉलर जमा झाले. नाव नव्हते तेव्हा मदत निघाली ती छावणीच्या पत्त्यावर, आणि तिची तिच्याशी चुकामूक झाली. नाव कळले तेव्हा ती तिच्या दारापर्यंत पोहोचली. फोटोओळीत नाव का लागते, याचे याहून स्पष्ट उत्तर दुसरे कोणते देता येईल?

लँग यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्या छायाचित्रकारांनी चित्राइतकीच शब्दांचीही चिंता वाहिली, त्यांत त्यांची गणना करावी लागते. पती पॉल टेलर यांच्यासह १९३९ साली त्यांनी स्थलांतरित शेतकऱ्यांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात चित्रांसोबत त्या माणसांच्या तोंडचे शब्द दिले आहेत. एवढ्या दक्ष व्यक्तीकडूनही, घाईच्या काही मिनिटांत, एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. आणि मग त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बेचाळीस वर्षे लागतात.

तेव्हा पहिला धडा हा की फोटोओळ टेबलाशी बसून लिहिली जात नाही. ती घटनास्थळीच लिहिली जाते. कॅमेऱ्याबरोबर खिशात लहानशी वही असावी. चित्र घेतल्यावर पुढे होऊन नम्रपणे नाव विचारावे, आणि शक्य असेल तर ज्याचे त्यालाच वहीत लिहावयास सांगावे. नंतर ते मोठ्याने वाचून दाखवून खात्री करून घ्यावी. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे. अक्षर सुवाच्य असावे, ओळी सरळ असाव्यात, इतक्या बारीक गोष्टींचा विचार त्यांना करावासा वाटला. रात्री दहा वाजता कचेरीत आपलेच अक्षर आपल्याला लागेनासे झाले, म्हणजे त्या उपदेशाचे मोल कळते.

नावाविषयी आपल्या मुलांना तर अधिक आस्था असावयास हवी; कारण परदेशात आपल्या नावांची जी दशा होते, ती त्यांनी शाळेच्या पहिल्या दिवसापासून सोसलेली आहे. 'कुलकर्णी' हे एकच आडनाव रोमन लिपीत कोणी 'यू' घालून लिहितात, तर कोणी दोन 'ओ' घालून. 'चौधरी'ची तर किती रूपे असतील ते सांगता येत नाही. ज्याला आपले नाव चुकलेले पाहून वाईट वाटले आहे, त्याने दुसऱ्याचे चुकवू नये. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो; तमिळ गृहस्थाला पुष्कळदा आडनावच नसते आणि आरंभीचे आद्याक्षर त्याच्या वडिलांच्या नावाचे असते; स्पॅनिश भाषकाला दोन आडनावे असतात. तर्काने यांतले काहीही ठरवू नये. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता छापण्यात आहे.

दुसरा धडा मोजदादीचा. समूहाचे चित्र असेल तर डोकी मोजावीत, मग नावे मोजावीत, आणि दोन्ही आकडे जुळल्यावाचून मजकूर पुढे पाठवू नये. क्रम नेहमी डावीकडून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून. बसलेल्यांची रांग आणि उभ्यांची रांग निराळी लिहावी. दोघांचे चेहरे सारखे वाटत असतील तर वहीत 'निळा सदरा', 'चष्मा', अशी खूण करून ठेवावी. हे सारे पोरकट वाटेल; पण ही मोजदाद राहून गेल्याने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर आहे.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानजवळच्या इवो जिमा बेटावर सुरिबाची नावाच्या डोंगरमाथ्यावर अमेरिकन सैनिकांनी ध्वज उभारला, आणि असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी तो क्षण टिपला. सहा सैनिक, बहुतेकांचे चेहरे झाकलेले, आणि भोवती युद्ध चाललेले. नावे घेण्याइतकी उसंत कोणाला असणार? चित्र जगभर गाजल्यावर नावांचा शोध सुरू झाला. जी सहा नावे ठरली त्यांतील एक १९४७ साली बदलले: हेन्री हॅन्सन यांच्या जागी हार्लन ब्लॉक यांचे नाव आले. ते त्या बेटावरील लढाईतच कामी आले होते. पाठमोऱ्या आकृतीवरून आपला मुलगा ओळखणाऱ्या त्यांच्या मातेचा आग्रह प्रथमपासून तोच होता. दुसरे नाव २०१६ साली बदलले: जॉन ब्रॅडली यांच्या ठिकाणी हॅरल्ड शुल्झ. तिसरे २०१९ साली बदलले: रेने गॅनन यांच्या ठिकाणी हॅरल्ड केलर. शुल्झ १९९५ साली आणि केलर १९७९ साली निवर्तले होते. चौऱ्याहत्तर वर्षांनी एक फोटोओळ दुरुस्त झाली, आणि ज्यांच्या हाताने तो ध्वज उभा राहिला त्यांतील दोघे आपले नाव तेथे न पाहताच गेले.

याच चित्राची आणखी एक हकीकत बोधप्रद आहे. रोझेन्थाल यांनी त्याच दिवशी ध्वजाभोवती जयघोष करणाऱ्या सैनिकांचा एक समूहफोटोही घेतला होता. काही दिवसांनी त्यांना कोणी विचारले, की चित्रातील माणसे तुम्ही मुद्दाम उभी केली होती काय? त्यांना वाटले, हा समूहफोटोविषयीच विचारतो आहे. त्यांनी होय म्हटले. त्या एका शब्दाने, खरे चित्र बनावट असल्याचा प्रवाद त्यांच्या मागे आयुष्यभर लागला. कोणत्या चित्राविषयी कोण काय बोलत आहे, हे नेमके लिहून ठेवण्याची सवय किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. इंग्रजी वृत्तपत्रांत रूढ असलेली रीत सोपी आहे. पहिले वाक्य वर्तमानकाळी: कोण, काय करीत आहे, कोठे, कोणत्या दिवशी. दुसरे वाक्य भूतकाळी: त्यामागे काय घडले, त्याचे महत्त्व काय. दोन वाक्ये पुरेत. तिसरे लागत असेल तर ते बहुधा बातमीत असावयास हवे होते. मराठीची धाटणी निराळी आहे. आपल्याकडे फोटोओळ क्रियापदाने संपतच नाही. ती 'स्वीकारताना', 'उद्घाटन करताना', 'मार्गदर्शन करताना' अशी अर्ध्यावर थांबते, आणि पुढे 'शेजारी अमुक, तमुक आदी मान्यवर' अशी पुस्ती जोडली जाते. 'ताना' हा प्रत्यय सोयीचा आहे. चित्रातला क्षण तो नेमका पकडतो. दोष आहे तो 'आदी मान्यवर' या शब्दांचा. चित्रात जो दिसतो आहे, त्याला 'आदी' म्हणून गुंडाळणे म्हणजे समोर बसलेल्या पाहुण्याला पान न वाढण्यासारखे आहे. जागा कमी असेल तर चित्र कापून लहान करावे; माणसाला कापू नये.

वाचकाला जे डोळ्यांनी दिसते, ते शब्दांनी पुन्हा सांगू नये. ध्वनिक्षेपकापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या चित्राखाली 'भाषण करताना वक्ते' असे लिहिणे म्हणजे वाचकाच्या दृष्टीवर अविश्वास दाखविणे होय. ते गृहस्थ कोण, कोठून आले, आणि त्या क्षणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होते, ते सांगावे. आपल्या उत्सवांतील एक नेहमीचे चित्र घ्या: तीन स्त्रिया, समोर मोठे पातेले, वाफ. 'गणेशोत्सवातील एक आनंदी क्षण' अशी ओळ त्याखाली सहज पडते. तिच्यात चूक काहीच नाही, आणि माहितीही काहीच नाही. त्याऐवजी तिघींची पूर्ण नावे द्यावीत. पहाटे किती वाजता त्यांनी चूल पेटविली, किती माणसांचा स्वयंपाक केला, ते त्यांना विचारून लिहावे. चित्र तेच राहील. परंतु वाचक ते पुन्हा एकदा, अधिक आदराने पाहील.

'आनंदी', 'शोकाकुल', 'भारावलेले' हे शब्द फोटोओळीतून शक्यतो वगळावेत. कॅमेरा चेहरा टिपतो. मन टिपीत नाही. डोळ्यांतले पाणी दुःखाचे की कांद्याचे, हे विचारल्यावाचून कळत नाही. तसेच 'नुकतेच' हा शब्दही टाळावा. आज छापलेले 'नुकतेच' उद्या शिळे होते आणि दहा वर्षांनी निरर्थक ठरते. तारीख घालावी. चित्र जुने असेल तर तसे स्पष्ट लिहावे. गेल्या वर्षीचा पूर या वर्षीच्या बातमीखाली छापणे ही केवळ चूक नव्हे, ती वाचकाची वंचना आहे.

नाव शोधावे, तपासावे, छापावे, असे येथवर सांगितले. परंतु नाव ही जड वस्तू आहे, हेही विद्यार्थ्याने जाणले पाहिजे. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डच्या शिपायांनी गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. छायापत्रकारितेचा एक विद्यार्थी, जॉन फिलो, तेथे कॅमेरा घेऊन उभा होता. जेफ्री मिलर या तरुणाच्या देहाशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचे त्याने घेतलेले चित्र दुसऱ्या दिवशी देशभर छापले गेले. पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्र घेताना तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. पाहणाऱ्यांनी ती त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी असावी असे गृहीत धरले. वस्तुतः ती मेरी ॲन व्हेकियो नावाची, फ्लोरिडातील घर सोडून निघालेली अवघी चौदा वर्षांची मुलगी होती. तिची ओळख उघड झाल्यावर तिच्या कुटुंबाला द्वेषाने भरलेली पत्रे आली, आणि त्या चित्राचे ओझे तिला दीर्घकाळ वाहावे लागले.

म्हणून वय लहान असेल, प्रसंग दुःखाचा असेल किंवा नाव छापल्याने कोणाला इजा पोहोचण्याचा संभव असेल, तर विद्यार्थ्याने एकट्याने निर्णय घेऊ नये. संपादकाशी बोलावे, पालकांची संमती घ्यावी. आणि नाव कळलेच नसेल तर तसे प्रांजळपणे लिहावे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यू यांचे चित्र त्या वर्षीचे जागतिक वृत्तछायाचित्र ठरले. ते बालक आजही 'अज्ञात' म्हणूनच ओळखले जाते. तेथे 'अज्ञात' हा शब्द आळसाचा नाही. ज्या रात्री नावे सांगणारेच उरले नाहीत, त्या रात्रीची ती साक्ष आहे. ठाऊक नसलेले नाव कल्पनेने भरण्यापेक्षा ती रिकामी जागा अधिक सत्य बोलते.

चित्र घेणाऱ्याचे नावही विसरू नये. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार; मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात त्या शिकल्या होत्या. सुरुवातीच्या काळात त्यांची चित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध होत असत. पुढे त्यांना कीर्ती लाभली आणि २०११ साली पद्मविभूषणाचा बहुमानही मिळाला. परंतु जुन्या अंकांतील त्या ओळी वाचणाऱ्याला मात्र तेथे त्यांचे नाव सापडावयाचे नाही. बारीक अक्षरांतील एक नाव. पण एका कलावंताचे श्रम त्यावर उभे असतात.

कोणी म्हणेल, की आता कागदाचे दिवस सरले. खिशातल्या फोनवर दिवसाला शेकडो चित्रे काढली जातात, त्यांना ओळी कोण लिहीत बसणार? परंतु त्यामुळेच या कामाची निकड वाढली आहे. व्यावसायिक छायाचित्रकार आज फोटोओळ चित्राच्या फाइलमध्येच भरून ठेवतात, ती याचसाठी की चित्र कोठेही गेले तरी तिने सोबत जावे. तेच चित्र व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून हातोहात फिरू लागले की ती माहिती वाटेत गळून पडते आणि चित्र अनाथ होते. एका गावातील दंगलीचे चित्र दुसऱ्या गावाच्या नावाने फिरते ते अशाच वाटेने. शिवाय आता जे कधी घडलेच नाही त्याचेही चित्र संगणक क्षणात तयार करून देतो. अशा काळात 'हे चित्र कोणी, कोठे, केव्हा घेतले' हे सांगणाऱ्या ओळीमागे एखादा जबाबदार मनुष्य उभा आहे, हीच त्या चित्राची पत होय.

आता थोडे आपल्या घराकडे, महाराष्ट्राकडे वळू. चित्राखाली नाव लिहिण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी त्याच्या मागच्या भिंतीवर आपल्या घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरविल्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव घातले. प्रतिमा काळाच्या ओघात नष्ट झाल्या. नावे मात्र बरीचशी राहिली. तेथे कोणकोणाच्या प्रतिमा होत्या हे आज आपण सांगू शकतो ते केवळ त्या नावांच्या आधारे: सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, राजकुमार आणि महारठी. आणि त्यांच्याबरोबर राणी नागनिका हीदेखील तेथे आहे. कोणाची तरी पत्नी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने.

हे ध्यानी घेऊन परदेशांतील आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका उघडून पाहाव्यात. 'कार्यकारिणी, बसलेले, डावीकडून' या ओळीत पुरुषांची नावे आद्याक्षरांसह असतात; स्त्रियांची नावे 'सौ. जोशी', 'सौ. पाटील' एवढ्यावरच थांबतात. आणि मागच्या रांगेतील मंडळी 'इतर कार्यकर्ते' होऊन बसतात. ज्यांनी थंडीवाऱ्यात दूरवरून गाडी चालवीत येऊन शाळेच्या भाड्याच्या सभागृहात पहिला गणपती बसविला, ज्यांनी पडदे शिवले, लाडू वळले, मुलांना बाराखडी शिकविली, त्यांचे चेहरे त्या चित्रांत आहेत. त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. ती गेली की ते चेहरे निपोमोच्या तंबूतील त्या स्त्रीप्रमाणे पाहता येतील, पण ओळखता येणार नाहीत.

म्हणून पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या तरुण मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. येत्या सुटीत मंडळाचा एखादा जुना अल्बम घ्यावा, वही घ्यावी, आणि एखाद्या आजीआजोबांच्या शेजारी जाऊन बसावे. एकेका चित्रावर बोट ठेवून विचारावे: ह्या कोण? यांचे माहेरचे नाव काय? हे कोणत्या गावचे? हा कार्यक्रम कोणत्या साली, कोणत्या सभागृहात झाला? चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे; शाईचा डाग पुढे उमटतो. फाइल असेल तर तिच्यात लिहून ठेवावे. एकाने सांगितलेले नाव दुसऱ्याकडून ताडून घ्यावे. आणि दोघांचे जमले नाही, तर दोन्ही नावे नोंदवून पुढे प्रश्नचिन्ह घालावे. चहाचे दोन पेले संपेपर्यंत दहा चित्रांची तरी ओळख पटेल, आणि वर्गात कोणी शिकवू शकणार नाही असा या विद्येचा पाठ त्या बैठकीत मिळेल. याही स्मरणिकेत चित्रे आहेत. ज्याला आपले नाव चुकलेले अथवा गळलेले आढळेल, त्याने संकोच न करता संपादक मंडळाला कळवावे. पुढील अंकात ती ओळ दुरुस्त करून छापणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे.